सासूबाईंच्या लिव्हरमध्ये ‘वाय-नाइंटी’ द्यायचं म्हणतात, देऊ का?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

“मावशी, आत्यांना (माझ्या सासूबाई, वय ५८) सहा वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. दोन वर्षांपूर्वी लिव्हरमध्ये पसरल्याचं कळलं. लेट्रोझोल आणि पाल्बोच्या गोळ्यांवर दीड वर्ष छान गेलं, मग वाढलं म्हणून कॅपेसिटाबीन (केमोच्या गोळ्या) चालू केलं. आता नव्या पेट स्कॅनमध्ये लिव्हरच्या गाठी वाढल्यात, मणक्यात दोन डाग आहेत पण ते जुनेच, तेवढेच आहेत. रिपोर्टवर हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू वन प्लस असं लिहिलंय. पुण्याच्या एका हॉस्पिटलने ‘वाय-नाइंटी’ सुचवलं, रेडिएशनचे कण थेट लिव्हरमध्ये सोडतात म्हणे. अमेरिकेतले भावजी म्हणतात इथे सर्रास होतं, लगेच करा. मामा म्हणतात उगाच हाल नकोत. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, नणंद सातव्या महिन्यात आहे आणि बाळंतपणाला इकडेच येणार, शेजारच्या काकू म्हणतात महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं. पैशासाठी तासगावची अर्धा एकर बाग विकायचं चाललंय. आत्यांना लिव्हरचं काहीच सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं कावीळ झालेली म्हणून लिव्हर बिघडलंय. काय करू?”

अगं, तू एका पत्रात पाच प्रश्न विचारलेस आणि पाचही खरे आहेत. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, पण कॅथलॅबला सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली आहेत आणि हे काम जवळून बघितलंय, त्यामुळे घाबरवणारही नाही आणि खोटी आशाही दाखवणार नाही.

ते आहे काय ते आधी नीट समजून घे, कारण घरात तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय असं वाटतंय मला. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाऊण हिस्सा आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेलं हिपॅटिक आर्टरीतून. निरोगी लिव्हर मुख्यतः त्या पहिल्या वाटेवर जगतं, पण गाठी मात्र जवळजवळ पूर्णपणे आर्टरीचं रक्त ओढतात. तुमच्या बागेचंच घे ना, पीक पाटाच्या पाण्यावर आहे आणि तण तेवढं विहिरीवर, तर औषध विहिरीत टाकलं की ते तणाकडेच जास्त जाणार. इथे औषध म्हणजे इट्रियम-९० (इंग्रजीत Y-90, तेच तुमचं वाय-नाइंटी) भरलेले बारीक कण, काचेचे नाहीतर रेझिनचे, साधारण २० ते ६० मायक्रॉनचे म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान. ते लाखांनी सोडतात, गाठीच्या बारीक रक्तवाहिन्यांत ते अडकून बसतात आणि तिथूनच रेडिएशन देतात. त्या रेडिएशनची पोच टिश्यूत सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर ११ मिलिमीटर. इट्रियमचं हाफ-लाइफ ६४ तासांचं, म्हणजे दर पावणेतीन दिवसांनी जोर निम्मा होतो आणि ११ दिवसांत ९४ टक्क्यांच्या वर काम उरकलेलं असतं. कण मात्र आत तसेच राहतात, ते काढायचे नसतात.

आता मुद्द्याचं. ही ट्रीटमेंट लिव्हरची आहे, ब्रेस्ट कॅन्सरची नाही. हे वाक्य भावजींनाही पाठव. मणक्यातल्या डागांना यातून काहीही मिळणार नाही, रक्तात कुठे काही फिरत असेल तर त्यालाही नाही. त्यामुळे “वाय-नाइंटी चांगलं का वाईट” हा प्रश्न विचारूच नकोस, त्याला उत्तर नाही. विचारायचं ते असं की आत्यांच्या तब्येतीचं पुढचं सगळं आज लिव्हरवर ठरतंय का, आणि लिव्हरला हात लावायच्या आधी एखादं चांगलं औषध शिल्लक आहे का जे सगळीकडे पोचेल. पहिल्याचं उत्तर तुमच्या पेटवरून बहुतेक हो वाटतंय, हाडातलं शांत आहे आणि लिव्हर वाढतंय. अशाच पेशंटसाठी डॉक्टर याचा विचार करतात, म्हणजे पुण्याच्या डॉक्टरांनी काही वेडंवाकडं सुचवलेलं नाही.

दुसऱ्याचं उत्तर मात्र मला तुझ्या पत्रात दिसलं नाही आणि तिथेच माझं मन अडकलंय.

तू लिहिलंस “हर-टू वन प्लस”, म्हणजे गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन थोडंसंच आहे, डॉक्टर त्याला ‘हर-टू लो’ म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत याला सरळ निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवायचे. २०२२ साली एक मोठी ट्रायल आली, डेस्टिनी-ब्रेस्ट-०४, त्यात अशाच कमी हर-टू असलेल्या, पसरलेल्या आजारात एक-दोन केमो होऊन गेलेल्या बायका होत्या. त्यांना ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान दिलं तर निम्म्या जणी २३.४ महिन्यांहून जास्त जगल्या, नेहमीच्या केमोवर हाच आकडा १६.८ महिने. हे औषध शिरेतून जातं, लिव्हर, हाड, सगळीकडे पोचतं. भारतात मिळतं, महाग आहे, फुप्फुसाला सूज येण्याचा धोका आहे त्यामुळे खोकला-दम लागला की लगेच कळवावं लागतं. मी म्हणत नाही की तेच द्या. मी म्हणतेय की याच्याबद्दल ऑन्कॉलॉजिस्टशी बोलणं झालंय का? बोलून, हिशोब करून, नाही जमत म्हणून वाय-नाइंटीवर आले असतील तर गोष्ट वेगळी. पण नुसतं इंटरव्हेन्शनवाल्या (म्हणजे नळी घालून हे करणाऱ्या) डॉक्टरांकडून थेट हे आलं असेल तर आधी मागे वळून मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टसमोर बसा. आणि लिव्हरच्या गाठीतून नव्याने बायोप्सी झालीये का तेही विचार, कारण सहा वर्षांपूर्वीच्या ब्रेस्टच्या गाठीचे रिसेप्टर (हार्मोन, हर-टू) आणि आजच्या लिव्हरच्या गाठीचे रिसेप्टर नेहमी सारखे असतातच असं नाही, कधीकधी बदललेले निघतात आणि मग औषधच बदलतं.

भावजींचं “इथे सर्रास होतं” हे अर्धं खरं आहे. अमेरिकेत रेझिनच्या कणांना २००२ साली मान्यता मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी, लिव्हरला पसरलेल्या. काचेच्या कणांना पूर्ण मान्यता २०२१ मध्ये, ती लिव्हरच्याच कॅन्सरसाठी. ब्रेस्टसाठी तिथेही डॉक्टर आपल्या अनुभवाने, छापील मान्यतेच्या बाहेर जाऊन वापरतात. त्यात बेकायदा काही नाही, कॅन्सरमध्ये हे खूप होतं, पण ब्रेस्टसाठी मोठी, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेली ट्रायल झालेली नाही. जे आहे ते हॉस्पिटलांनी आपापल्या पेशंटचे जुने पेपर काढून केलेले अभ्यास. त्यात बऱ्याच जणींच्या गाठी काही महिने आवरतात, काहींच्या आकसतात, एवढं दिसतं. त्याने आयुष्य किती वाढतं हे त्यातून ठरवता येत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र ती परीक्षा झालीये. अकराशेच्या आसपास पेशंटच्या तीन ट्रायलचा एकत्र निकाल २०१७ मध्ये आला, सुरुवातीलाच केमोला याची जोड दिली तर लिव्हर जास्त काळ आवरलं पण एकूण आयुष्य काही वाढलं नाही. म्हणून “केलंच पाहिजे, नाही केलं तर पाप” असं कुणी बोलत असेल तर ऐकून सोडून दे.

मामांचं “हाल नकोत” तेही तसं पूर्ण बरोबर नाही. यात पोट फाडत नाहीत, भूल नसते, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालतात, जागा तेवढी बधिर करतात आणि थोडं गुंगीचं औषध. केमोसारखे केस जात नाहीत. आठवडा-दोन आठवडे थकवा येतो, चांगलाच येतो, काहींना महिनाभर. मळमळ, भूक जाते, उजव्या बरगडीखाली दुखतं, बारीक ताप. हे सहन होण्यासारखं आहे बहुतेकांना.

पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, ज्या हॉस्पिटलचं पत्रक वाचताना नजरेतून सुटतात.

एक म्हणजे लिव्हर मुळात किती दमलंय. बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) २ च्या वर असेल, पोटात पाणी झालं असेल, पेशंट दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ पलंगावर असेल तर सहसा हे करत नाहीत, आणि कुणी तयार झालंच तर तुम्हीच थांबा. ब्रेस्टच्या पेशंटमध्ये तर बऱ्याच केमोंनंतर लिव्हर आकसून गाठाळ, सिरॉसिससारखं दिसायला लागतं कधीकधी. अशा दमलेल्या लिव्हरवर रेडिएशन पडलं तर चार ते आठ आठवड्यांनी, म्हणजे सगळं ठीक झालं असं वाटत असतानाच, कावीळ आणि पोटात पाणी सुरू होऊ शकतं. हे कमी जणांना होतं पण झालं तर जड जातं. तू पत्रात कावीळ झालेली असं म्हणालीस. ती खरंच झाली होती की आत्यांना सांगायला काढलेलं कारण होतं? खरी झाली असेल तर कधी, बिलिरुबिन किती होतं, तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लाव.

दुसरी गोष्ट कॅपेसिटाबीन. रेझिनच्या कणांच्या कंपनीच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की आधीच्या दोन महिन्यांत कॅपेसिटाबीन घेतलं असेल किंवा नंतर घेणार असतील तर देऊ नये, कारण ते रेडिएशनचा परिणाम वाढवतं. अनुभवी डॉक्टर यात वेगवेगळं मत ठेवतात, पण प्रश्न तर विचारायलाच हवा ना. “गोळ्या कधी बंद करायच्या, नंतर परत सुरू करणार का, आणि तुम्ही कुठले कण वापरणार, काचेचे की रेझिनचे?” असंच तोंडावर विचार. नीट उत्तर देणारा डॉक्टर असेल तर तो खूश होईल.

आता प्रत्यक्षात काय होतं. दोन फेऱ्या असतात आणि पहिली फेरी ही ट्रीटमेंट नसतेच, ती रंगीत तालीम. अँजिओग्राफी करून लिव्हरच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात, पोटाकडे-आतड्याकडे जाणारी एखादी फांदी धोक्याची वाटली तर तिच्यात बारीक कॉइल बसवून बंद करतात (कण चुकून जठरात गेले तर अल्सर होतो आणि तो लवकर बरा होत नाही), आणि टेक्नेशियम लावलेले प्रोटीनचे कण सोडून गॅमा कॅमेऱ्यावर बघतात की लिव्हरमधून निसटून फुप्फुसात किती जातायत. फुप्फुसाला एका वेळी ३० ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) वर डोस जाईल असा हिशोब निघाला तर डोस कमी करतात नाहीतर बेतच रद्द. म्हणजे तालीम करून “नाही जमणार” असं सांगून घरी पाठवलेले पेशंट असतात, मी बघितलेत, आणि नातेवाईकांना फार धक्का बसतो कारण त्यांनी पैसे उभे केलेले असतात.

म्हणून बाग. ऐक, तालमीचा निकाल हातात येईपर्यंत बागेचा सौदा करू नका, विसार सुद्धा घेऊ नका. तालमीचा खर्च वेगळा असतो तो जमवा. मग हॉस्पिटलकडून लेखी एस्टिमेट घ्या, त्यात तालीम, कॉइल, कणांचा डोस, ॲडमिशन, नंतरचे स्कॅन सगळं वेगवेगळं मांडलेलं पाहिजे, आणि लिव्हरचे दोन्ही भाग एकदम करणार की महिन्याच्या अंतराने दोन वेळा, ते स्पष्ट, कारण दोन वेळा म्हणजे डोसही दोनदा. परदेशी डोसचा खर्च लाखांत जातो आणि तो त्या पेशंटच्या नावाने, त्या तारखेच्या हिशोबाने मागवलेला असतो, रोज जोर उतरत असतो त्याचा, त्यामुळे मागवल्यावर “पुढच्या आठवड्यात येतो” चालत नाही आणि पैसेही आधी भरून घेतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी काचेचे कण तयार केलेत, भाभास्फिअर नावाने. ते तुमच्या हॉस्पिटलला मिळतात का, हा एक प्रश्न विचारून बघा, फरक पडू शकतो. महात्मा फुले योजनेत हे बसेल असं गृहीत धरू नका, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पॅकेजचं नाव दाखवून विचारा. मेडिक्लेम असेल तर आधी लेखी मंजुरी, तोंडी “होऊन जाईल” म्हणणाऱ्या डेस्कवरच्या मुलावर विश्वास ठेवू नका, ब्रेस्टसाठी म्हटल्यावर “प्रायोगिक” असा शेरा मारून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

मुलाचं आणि नणंदेचं. शेजारच्या काकूंनी बहुतेक थायरॉइडच्या आयोडीनचा पेशंट बघितलाय, त्याचे नियम वेगळे असतात आणि तिथेही महिनाभर कोंडून ठेवत नाहीत. इट्रियमचे बीटा कण शरीराबाहेर येतच नाहीत, बाहेर येतो तो थोडासा एक्स-रे, आणि तोही रोज उतरत जातो. हॉस्पिटल सुटीच्या वेळी लेखी नियम देतं, तेच पाळायचे. सर्वसाधारणपणे काही दिवस, आठवडाभर धर, मुलाला मांडीवर घेऊन बसायचं नाही, एका अंथरुणात झोपवायचं नाही, खोलीत पळत आला, लांबून गप्पा मारल्या तर काही नाही. ताट-वाटी वेगळी नको, कपडे वेगळे धुवायला नकोत. रेझिनचे कण असतील तर पहिल्या दिवशी लघवीत अगदी किंचित उतरतं, म्हणून दोनदा फ्लश आणि साबणाने हात, बस. नणंदेला मात्र मी सरळ सांगेन की तो आठवडा सासरीच थांब. धोका मोठा आहे म्हणून नाही, पण सातव्या महिन्यात उगाच कशाला, आणि उद्या बाळाला साधी सर्दी झाली तरी घरात कुणीतरी बोट दाखवेल आत्यांकडे. ते जास्त वाईट.

आता शेवटचा प्रश्न जो तू सगळ्यात खाली आणि एका ओळीत लिहिलास.

आत्यांना सांगायलाच लागेल, अगं. संमतीपत्रावर सही त्यांची लागते, त्यांच्या लेकाची नाही. कॅथलॅबमध्ये त्या जाग्या असणार आहेत, भोवती शिशाचे ॲप्रन घातलेली माणसं, दारावर रेडिएशनची ती पिवळी खूण, कुणीतरी “मेट्स” (म्हणजे पसरलेला कॅन्सर) म्हणणार, कुणीतरी “इट्रियम आलं का” म्हणणार. सहा वर्षं कॅन्सर घेऊन जगलेली बाई आहे ती, तिला काही कळत नाही असं तुम्हाला वाटतंय. तिथे टेबलावर कुणा अनोळखी टेक्निशियनच्या तोंडून कळण्यापेक्षा घरी कळू दे. सगळं एकदम नको. “लिव्हरमध्ये जुन्या आजाराच्या गाठी आहेत, त्यावर एक उपाय सुचवलाय, तुम्हाला त्याबद्दल किती ऐकायचंय?” एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. कोण सांगणार ते तुम्ही ठरवा, पण मामांच्या गळ्यात घालू नका, ते रडतील आणि आत्या त्यांनाच धीर देत बसतील. आणि सांगितल्यावर त्या “नको” म्हणाल्या तर ते नको ऐकायची तयारी ठेवा. त्या “करा” म्हणाल्या तर मामांनीही कुरकुर थांबवायची.

पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना आत्ताच भेटा, शेवट जवळ आलाय म्हणून नव्हे तर दुखणं, भूक, झोप यावर ते लोक ऑन्कॉलॉजिस्टपेक्षा जास्त वेळ देतात म्हणून. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, मोफत, नातेवाईकासकट राहता येतं.

मला विचारशील तर क्रम असा ठेव. आधी सगळे कागद आणि पेटची सीडी (नुसता छापील रिपोर्ट नको, सीडीच) घेऊन दुसरं मत. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ नावाच्या सेवेवरून ऑनलाइनही घेता येतं, मुंबईला हेलपाटा नको असेल तर. त्यात हर-टू लो आणि बायोप्सीचा प्रश्न ठळक लिही. तिथूनही “आत्ता लिव्हरच आवरायला हवं” असं आलं आणि बिलिरुबिन साथ देत असेल, तर तालीम करायला हरकत नाही असं माझं मत. औषध शिल्लक निघालं तर आधी औषध, वाय-नाइंटी कुठे पळून जात नाही. फक्त लिव्हर अगदी दमेपर्यंत थांबलात तर मग तो रस्ता बंद होतो, तेवढं डॉक्टरांना विचारून लक्षात ठेवा. केल्यावर पहिल्या महिन्याचा सीटी बघून हाय खाऊ नका, सुजेमुळे गाठी मोठ्या दिसू शकतात, निकाल साधारण दोन-तीन महिन्यांनी कळतो. काळी शी, रक्ताची उलटी, कोरडा खोकला-दम, डोळे पिवळे, पोट फुगणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन, सोमवारची ओपीडी नाही.

आणि ताजा कलममध्ये तू लिहिलंस की लिव्हरसाठी म्हणून रोज सकाळी गुळवेलीचा काढा देताय. तो आजच बंद कर. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले आहेत, २०२१ मध्ये ते छापून आलंय. डॉक्टरांना सांग किती दिवस देत होता, आणि दोन-तीन आठवड्यांनी बिलिरुबिन-एसजीपीटी परत कर. त्यात काय येतं ते मला कळव.